ज्याला तू भीती म्हणू दिलं नाहीस

दादा, पारनेरच्या बाजारात न्हाव्यापुढे बसला असताना अर्ध्या गालावर साबण घेऊन तू उठलास आणि पळत सुटलास, तो दिवस मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मी तेव्हा नगरला दवाखान्यात ड्युटीवर होते. पण वहिनीनं तो मला सांगितला, आणि पुढे तूही सांगितलास, दरवेळी थोडा वेगळा, थोडा हसून. लिंबाखाली तुझी पाळी आली. न्हाव्यानं फडका बांधला. शेजारी कुणी पावसाच्या गप्पा मारत होतं. म्हणजे पाऊस नसण्याच्या, कारण दोन वर्षं दुसरी गप्पच नव्हती. कुणी ओरडलं नाही, काही पडलं नाही, काही फुटलं नाही. आणि तुझे हात बधिर झाले.

"आदी बोटास्नी मुंग्या आल्या," तू सांगायचास. "मंग छातीवर कुनीतरी जातं ठिवल्यावानी झालं. वारं आत जाईना. मला वाटलं, संपलं. आता हितंच पडतुया, साबन तोंडाला लावून."

लोक हसले. न्हावी वस्तरा हातात धरून तुझ्यामागं दहा पावलं आला. तू थांबला नाहीस. तसाच अर्ध्या दाढीनं, भर उन्हाचा, गावापर्यंत चालत गेलास, आणि दारात वहिनीला म्हणालास, "पोरांना भाईर घेऊन जा. मला मरान आलंय."

मरण आलं नव्हतं. घटकाभरात सगळं ओसरलं, तू पाणी प्यालास आणि उरलेली दाढी स्वतःच केलीस. पण त्या दिवसापासून तू त्याची वाट बघायला लागलास. ते पुन्हा येईल, कुठंही येईल, याची.

तुला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटेना. तू आपल्या भागातला सुरुंग लावणारा गडी. कोरड्या विहिरींच्या तळाशी उतरायचं, खडकात भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवायची आणि दोर धरून वर यायचं. वर आल्यावर इतर लोक पळायचे. तू चालायचास. आई तुझ्यावर रागवायची, "पाय मोडलेत का रं तुजं?" तू म्हणायचास, "वात म्या कापलीया आई, मला ठावं हाय ती किती लांब हाय."

मी नर्सिंगला जायचं म्हणाले तेव्हा घरात कुणी जेवलं नव्हतं. पोरीनं परक्यांची अंगं पुसायची, हे बाबांना ऐकवतही नव्हतं. तू एकटाच उभा राहिलास. माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन मोटारीच्या थांब्यापर्यंत आलास आणि वाटेत भेटेल त्याला स्वतःहून सांगत सुटलास, "आमची मालन नगरला चाललीया. म्या डोंगराला टोचतो, ती मानसांना टोचील." मी शरमेनं खाली बघत चालले होते. आज मी जी काही आहे ती त्या वाटेवरून चालत आलेली आहे, दादा. हे तुला कधी सरळ तोंडानं सांगितलं नाही. बहिणी भावांना असं सांगत नाहीत.

रामाचं सांगायलाच हवं. तुझा लहानपणापासूनचा जोडीदार, तुझ्याच जोडीनं विहिरीत उतरणारा. दुष्काळानं विहिरी आटल्या आणि तुम्हा दोघांना उसंत मिळेना. ज्याला त्याला आपली विहीर आणखी खोल हवी होती. त्या दिवशी सगळे बार उडाले, एक उडाला नाही. तुम्ही वर बसून वाट पाहिलीत, पुष्कळ पाहिलीत. मग तू उठायला लागलास तर रामानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बस तू. बिडी वढ. मी बगून येतो."

तो तळाशी पोचला आणि बार उडाला.

धूर निवळायच्या आत तू उतरलास. त्याला पाठीशी बांधून वर आणलंस. त्याच्या बायकोच्या अंगणात तू स्वतः नेऊन ठेवलंस त्याला. रडला नाहीस. दहावा, तेरावा सगळं तू उभं राहून केलंस, आणि पुन्हा कामाला लागलास, नव्या जोडीदाराबरोबर. लोक म्हणाले, काय छातीचा माणूस आहे. म्हणूनच काही महिन्यांनी बाजारात जे झालं त्याचा रामाशी संबंध कुणी जोडला नाही. तूही नाही. "रामा मेला तवा मी धड हुतो की," असंच तू म्हणत राहिलास.

बाजारानंतर ते देवळात आलं, मग मोटारीत, मग जेवताना. मग एक दिवस विहिरीच्या अर्ध्यावर आलं आणि तू दोराला तसाच लोंबकळत राहिलास. तुला वर ओढून घ्यावं लागलं. त्यानंतर तू विहिरीत उतरला नाहीस. विहीर दिसली की लांबून वळसा घालायचास. अन्न जाईना, पोटात जळायचं, चहा आणि बिडीवर दिवस काढायचास. पोरं खेळताना ओरडली तर दचकायचास, आणि दचकलो म्हणून त्यांच्यावरच ओरडायचास. झोपलेल्या पोरांच्या नाकाशी हात धरून श्वास चालतोय का बघायचास. वहिनी तुला एकटं सोडेना. परसाकडं गेलास तरी लांब उभी राहायची. तुझ्याबरोबर तीही वाळत गेली.

तिनं तिच्या परीनं उपाय केले. भगताकडं नेलं. त्यानं सांगितलं, रामाचा जीव याच्यात अडकलाय. ऊद जाळला, लिंबू कापलं, दंडाला काळा दोरा बांधला. धुरानं तुझा श्वास आणखी कोंडला आणि तू तिथंच उठून पळालास, तेव्हा भगत म्हणाला, "बगा, त्यो पळतुय." वहिनीला ते पटलं. मी तिला दोष देत नाही. तिच्यासमोर दुसरं काही सांगणारं कुणी नव्हतं.

मी तुला नगरला आणलं. केडगावच्या माझ्या खोलीत तू दोन दिवस राहिलास, दारात तोंड बाहेर करून. आमच्या दवाखान्यात तुझ्या छातीचा आलेख काढला, रक्त तपासलं. तू टेबलावर पडून माझ्याकडं बघत होतास, आणि तुझ्या डोळ्यांत काय होतं ते मला आत्ता कळतंय. तुला आलेखात खोट निघायला हवी होती.

आलेख चांगला आला. तुझा चेहरा पडला.

"म्हंजी मी सोंग करतुया?" तू विचारलंस.

आमचे डॉक्टर पूर्वी लष्करात होते. त्यांनी दार लोटून घेतलं, खुर्ची तुझ्याजवळ ओढली. त्यांना मी रामाबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "यंदा कुणी गेलं का जवळचं?" तू जमिनीकडं बघत सगळं सांगितलंस, बिडीपर्यंत. मी पहिल्यांदा तुला रडताना पाहिलं. तू आवाज न करता रडत होतास, आणि खांदे मात्र दोर खेचल्यासारखे हलत होते.

मग डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सोंग करत नाही. तुमची छाती धडधडते ती खरी, हात बधिर होतात ते खरं. फक्त त्यानं माणूस मरत नाही. आपल्या अंगात एक पहारेकरी असतो. संकट आलं की तो हाकाटी करतो, मग काळीज जोरात पळतं, दम लागतो, म्हणजे आपल्याला पळता यावं नाहीतर लढता यावं. तुमच्या पहारेकऱ्यानं एकदा फार भयंकर बघितलंय. तेव्हापासून तो पान हललं तरी ओरडतो. आणि झोप नाही, अन्न नाही, चहा-बिडीचा मारा, त्यानं तो जास्तच चिडलाय."

तू विचारलंस, "हे अजून कुनाला व्हतं?"

"पुष्कळांना. माझ्याकडं जवान यायचे, लढाईवरून परत आलेले. छातीवर पदकं असलेले. घरी जेवायला बसले की ताट सोडून पळायचे."

"जवानाला बी व्हतं?"

"होतं."

तू माझ्याकडं वळून बघितलंस, जणू ते मी आधीच सांगायला हवं होतं. परत जाताना मोटारीत तू खिडकीशी बसलास, आणि गाव येईपर्यंत तुला काही झालं नाही.

डॉक्टरांनी झोपेच्या थोड्या गोळ्या दिल्या, चहा कमी करायला सांगितला, हळू श्वास सोडायला शिकवलं. आणि एक सांगितलं जे तुला अजिबात आवडलं नाही. ज्याला टाळाल ते मोठं होत जाईल, म्हणाले. उतरू नका, पण जवळ तरी जा, थोडं थोडं. ते आलं तर तिथंच बसा. पळू नका. आलंय तसं ते जाईल.

ते आपण दोघांनी केलं. सुटी मिळाली की मी गावी यायचे आणि आपण आपल्याच विहिरीकडं निघायचो. पहिल्यांदा बाभळीपाशी बसलो. तिथून विहिरीचं नुसतं तोंड दिसायचं. तू घामानं भिजलास. मी तुझी नाडी धरून बसले होते. ती कशी पळत होती ते माझ्या बोटांनी मोजलं आहे, त्यामुळं तुला सोंगाडी म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो. बऱ्याच वेळानं तू म्हणालास, "उतरलं." पुढच्या खेपेला आपण आणखी पुढं बसलो. एकदा पुढं सरकलो आणि तुझ्याच्यानं बसवलं नाही, तर मागं येऊन पुन्हा बाभळीपाशी बसलो. हिवाळा संपताना तू काठावर पालथा पडून आत डोकावलास. तळाशी भांडंभर पाणी होतं, त्यात आपली डोकी दिसत होती. "खडक चांगला हाय," तू म्हणालास. "अजून हातभर गेलं तर झरा लागंल." इतक्या महिन्यांनी तू कामाचं बोललास. मला तेव्हा वाटलं, आपण जिंकत चाललोय.

पण आत उतरला नाहीस. आणि घर चालवायचं म्हणून वहिनीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागलास. सगळ्या भागात ज्याच्या सुरुंगाचं नाव होतं तो माणूस बायकांच्या रांगेत बसून हातोडीनं दगड फोडतोय, हे बघायला लोक मुद्दाम थांबत. तिथला मुकादम तुला "सुरुंगवाले" म्हणून हाक मारायचा, आणि रांगेतली सगळी हसायची. तू मान वर करत नसायचास. वहिनीनं हे मला सांगितलं. तू कधीच नाही.

त्यातूनच आपलं शेवटचं भांडण झालं. होळीच्या सुमाराला तू केडगावला माझ्याकडं आलास. खाटेवर बसलास आणि म्हणालास, "मालन, गावात कुनी इचारलं तर सांग, दादाच्या काळजाची झडप बिगडलीया."

मी म्हणाले, "पण तुझं काळीज चांगलं आहे."

"ते मला ठावं हाय. लोकांना सांगायचं."

"का?"

"काळजाचा रोग म्हनलं की मानसं आदबीनं बोलतात. बस म्हनतात, पानी देतात. भीतीचा रोग म्हनलं की हसत्यात."

"त्याला भीतीचा रोगच म्हणतात, दादा. त्यात लाज कसली?"

"भीती म्हनू नको. दुसरं काय बी म्हन."

मी धास्ती म्हणून बघितलं. तू म्हणालास, धास्ती बायामाणसांना होते. मी चिंता म्हणाले. तू म्हणालास, चिंता कुणाला नाही या साली? मला शब्द सापडेना. मी चिडून म्हणाले की दवाखान्यात काम करून मी खोटं कसं सांगू. तू चहा तसाच ठेवून उठलास. "तुमच्या बुकात एवढं सगळं हाय," दारातून म्हणालास, "आन् मला तोंड वर करून चालता येईल असा एक शब्द न्हाई."

त्यावर मी उत्तर शोधत होते. सापडलं की गावी येऊन सांगणार होते. अजून सापडलेलं नाही.

पुढचं मला वहिनीनं सांगितलं, चुलीपुढं रेशनच्या मिलोची भाकरी थापत, माझ्याकडं न बघता. तुम्ही रस्त्याच्या कामावर होतात. शेजारच्या शिवारात गणपत आणि त्याचा धाकटा भाऊ किसन यांची विहीर. पाणी खाली गेलं म्हणून त्यांनी डिझेल इंजिन आतल्या टप्प्यावर उतरवून ठेवलं होतं. सकाळभर ते चाललं, आणि मग गुदमरून आपोआप बंद पडलं. किसन बघायला उतरला. तो हाकेला ओ देईना, म्हणून गणपत उतरला. मग वरून त्यांच्या आईची किंकाळी आली.

तू हातोडी टाकून पळालास. वहिनी तुझ्यामागं. विहिरीपाशी पाचसहा गडी जमले होते, एकजण कासोटा मारून उतरायलाच निघाला होता. तू त्याला धरून मागं ओढलंस. "इंजनाचा धूर साचलाय आत," म्हणालास. "जो जाईल त्यो पडंल. दोर बांदल्याबिगर कुनी उतरायचं न्हाई." गड्यांनी दोराकडं बघितलं, मग एकमेकांकडं बघितलं, आणि कुणी हात पुढं केला नाही.

वहिनी म्हणाली, "मी त्येंच्याकडं बघत हुते, मालनवन्सं. त्येंचं पाय लटलट कापत हुतं. काठाला बसलं आन् भडाभडा वकलं. मला वाटलं, आता पळत्यात. मी मनात म्हनलं, पळा. देवा, त्येंना पळव."

तू तोंड पुसलंस. कमरेला दोर बांधून घेतलास, पण गाठ मारताना बोटं इतकी थरथरत होती की ती वहिनीला मारावी लागली. तिनं मारली. तुझा ओला पंचा तोंडाला गुंडाळलास आणि उतरलास.

गणपत वरच्या टप्प्यावरच पडला होता. दोर एकच होता. तू तो स्वतःच्या कमरेचा सोडलास, गणपतला बांधलास आणि हिसका दिलास. गड्यांनी ओढलं. गणपत वर आला, निळा पडलेला, पण जिवंत. त्यांनी घाईनं दोर सोडून पुन्हा खाली टाकला. तो तळाला जाऊन पोचला. कुणी धरला नाही.

वारा खेळता होईपर्यंत पाणी शिंपडलं, फांद्या हलवल्या, मग माणसं उतरली. किसनच्या दंडावर तुझा हात होता म्हणे. तू त्याच्यापर्यंत गेला होतास.

ती गाठ वहिनीच्या हातून सुटत नाही, दादा. भाकरी थापताना मधेच तिचे हात थांबतात. मी तिला म्हणते, तू नसती मारलीस तरी तो उतरलाच असता, बिनदोराचा. ती ऐकते. पटतं की नाही, कोण जाणे. तिला सध्या मी केडगावला आणलंय, पोरांसकट. इथं मोटारींचा आवाज आहे, शेजारणी आहेत.

आणि तुला न सांगता येण्यासारखं झालं ते असं. तेराव्यानंतर मी कामावर गेले. वॉर्डात एका म्हाताऱ्याला इंजेक्शन देत होते. साधं काम, दिवसातून कितीदा करते. आणि माझी बोटं बधिर झाली. मग छातीवर जातं आलं. मी सुई खाली ठेवली, भिंतीला टेकले आणि मला अगदी स्वच्छ वाटलं की मी आत्ता, इथं मरते आहे. मला सगळं ठाऊक होतं. पहारेकरी, हाकाटी, सगळं. त्या घटकेला त्या ठाऊक असण्याचा पैचाही उपयोग झाला नाही. मी तुझ्या नाडीवर बोटं ठेवून बसायचे तेव्हा मला वाटायचं, मला कळतंय. मी बाहेर बसले होते, दादा. तू आत होतास, आणि आतून बाभळीपर्यंत येत होतास, माझ्याशी नीट बोलत होतास, काठावर पालथं पडून खडक चांगला आहे म्हणत होतास.

मी भिंतीला टेकूनच राहिले. आलं तसं ते गेलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, जेवला न्हाईत का?" मी त्याला सुई दिली.

काल गणपत दवाखान्यात आला. बरा दिसत होता, पण कुणीतरी मागं लागल्यासारखा. म्हणाला, "मालनताई, मला घरात बसवत न्हाई. भिंती जवळ येत्यात. श्वास कोंडतुया. गावात कुनाला सांगितलं न्हाई. माझ्यापायी एवढा मानूस गेला, आन् मी कसलं रडगानं सांगू." मग इकडं तिकडं बघून आवाज खाली आणत म्हणाला, "मला भ्या वाटतंय."

तुझ्या तोंडून जो शब्द निघाला नाही, तो त्यानं पहिल्याच खेपेला काढला. मी त्याला डॉक्टरांकडं घेऊन निघाले. वाटेत त्यानं विचारलं, "दादांना बी असंच व्हत हुतं म्हनं. वैनी म्हनल्या."

"होय," मी म्हणाले. काळजाची झडप वगैरे काही सांगितलं नाही. माफ कर.

"शेवटपतुर?"

"शेवटपर्यंत. काठावरसुद्धा."

तो चालता चालता थांबला. ओसरीवर पेशंटांची रांग होती, कुणाचं पोर रडत होतं.

"मंग इहिरीत उतरलं कसं?" त्यानं विचारलं.

"घाबरत," मी म्हणाले.

गणपत दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथंच भिंतीशी खाली बसला. मी त्याच्याशेजारी बसले, त्याचं मनगट हातात घेतलं आणि नाडी उतरायची वाट बघत राहिले.